गोबीतला 2009-10 चा हिवाळा: ताखी घोड्यांच्या पुनर्वसनाचं एक प्रकरण

काय घडलं

मंगोलियाच्या नैर्ऋत्येला, चीनच्या सीमेला लागून, ‘ग्रेट गोबी बी’ नावाचं कडक संरक्षित क्षेत्र आहे. 2009 च्या हिवाळ्याच्या तोंडावर तिथे ताखी, म्हणजे प्रझेवाल्स्कीचे घोडे, 140 च्या जवळपास होते. 2010 च्या वसंतात बर्फ उतरल्यावर मोजणी झाली, तेव्हा जेमतेम पन्नास उरले होते. सतरा वर्षं खपून उभा केलेला कळप एका हिवाळ्यात निम्म्याहून खाली आला.

त्याच मैदानात खुलान, म्हणजे रानगाढवंही चरतात. तोच बर्फ, तीच थंडी. त्यांना मात्र फारशी झळ बसली नाही. हे सगळं प्रकरण मला या एका फरकापाशी घुटमळताना दिसतं. शिकारी, अवैध चराई, लांडगे यांपैकी कोणावरही या हानीचं खापर फोडता येत नाही, म्हणूनच ते अभ्यासण्यासारखं आहे.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावं इथे घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

घोड्याची पाळीव जात जगभर पसरली, पण रानटी घोडा मागे मागे सरकत गेला. युरोपातला तार्पान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोकळ्या रानातून संपला. अमेरिकेतले मस्तांग मोकळे फिरतात, पण ते स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज. उरला तो मध्य आशियातला ताखी: बुटका, जाडजूड, भुरकट पिवळा. आयाळ ताठ उभी, कपाळावर बटा नाहीत, थोबाड पिठात बुडवल्यासारखं पांढुरकं. पाळीव घोड्याची गुणसूत्रं 64, याची 66.

रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्कीला 1878 मध्ये या घोड्याची कवटी आणि कातडं भेट मिळालं. 1881 मध्ये रशियन प्राणिशास्त्रज्ञ पोल्याकोव्हने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि युरोपात त्याची मागणी सुरू झाली. मोठा घोडा हाती लागत नसे, म्हणून शिंगरं धरायची; शिंगरू धरायचं तर आड येणाऱ्या घोड्या आणि नर मारायचे. 1900 च्या आसपासच्या काही वर्षांत अशी पन्नासेक शिंगरं युरोपात पोहोचली. त्यापायी किती कळप मोडले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. गंमत अशी, की जात वाचली ती याच लुटीतून. आजचे सगळे ताखी रानातून धरलेल्या डझनभर घोड्यांचे आणि त्यांत मिसळलेल्या थोड्या पाळीव रक्ताचे वंशज आहेत.

तिकडे रानात उरलेल्यांना माणसांनी, त्यांच्या गुरांनी आणि बंदुकांनी गवताळ प्रदेशातून कोरड्या गोबीत रेटलं. 1945, 1948 आणि 1956 चे हिवाळे फार कडक गेले. 1947 मध्ये एक घोडी रानातून धरली गेली, ती शेवटची. 1969 मध्ये गोबीतल्या एका झऱ्यापाशी एका मंगोलियन शास्त्रज्ञाला एकटा नर दिसला. त्यानंतर कोणालाच काही दिसलं नाही. संपण्याच्या कारणांच्या यादीत तीन हिवाळे आहेत, हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्राग आणि म्यूनिक इथे पैदास करणारे दोन लहान गट शिल्लक होते. 1959 पासून प्रत्येक घोड्याची नोंद एका वंशावळीच्या वहीत होऊ लागली: आई कोण, बाप कोण, जन्म कुठला, मेला कशाने. प्रागच्या प्राणिसंग्रहालयाने ती वही आजवर चालवली आहे. अशी चोपडी चिकाटीने भरत राहणं हे कंटाळवाणं काम, पण कोणाशी कोणाची जोडी लावायची हे तिच्यावरून ठरलं आणि जात तगली.

2018 मध्ये जुन्या डीएनएच्या अभ्यासातून पुढे आलं, की ताखी हे कझाकस्तानातल्या बोताई इथल्या सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या घोड्यांचे वंशज असावेत. बोताईचे घोडे पाळीव होते असं अनेक जण मानतात, काही जण मानत नाहीत. म्हणजे ताखी ‘अस्सल जंगली’ की फार पूर्वी दावं तोडून गेलेला, हा वाद अजून मिटलेला नाही. गोबीतल्या बर्फाला या वादाशी देणंघेणं नव्हतं.

पहिला निर्णय: सोडायचे कुठे

1992 मध्ये ताखी मंगोलियात परतले, ते दोन ठिकाणी. एक हुस्ताई, राजधानी उलानबातारपासून शंभरेक किलोमीटरवरचा डोंगराळ गवताळ भाग. दुसरं ताखीन ताल, ग्रेट गोबी बीच्या ईशान्य कडेला. 2004-05 मध्ये फ्रान्समध्ये वाढवलेल्या घोड्यांना घेऊन खोमीन ताल हे तिसरं ठिकाण उभं राहिलं.

गोबीची निवड मनाला पटणारी होती. शेवटचा ताखी तिथे दिसला, तर पहिला तिथेच सोडावा. वस्ती विरळ, संरक्षण आधीच मिळालेलं, क्षेत्र 9,000 चौरस किलोमीटरचं. पण एखादा प्राणी शेवटी जिथे दिसला, ती जागा त्याला मानवणारी असेलच असं नाही; ती फक्त माणसाने त्याच्यासाठी सोडलेली जागा असू शकते. हा आक्षेप 1990 च्या दशकातच घेतला गेला होता. ग्रेट गोबी बीमध्ये वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो आणि जमीन तीनेक महिने पांढरी असते. गवत चांगलं, पण झऱ्यांच्या आणि ओलाव्याच्या जागांपाशी.

सुरुवातीची वर्षं अवघड गेली. प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या घोड्यांना गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रक्ताच्या आजाराशी गाठ नवी होती. काही त्यात गेले. शिंगरांवर लांडगे टपलेले. 1997 मध्ये पहिले कळप कुंपणाच्या आवारातून मोकळे सोडले, आणि 1999 च्या सुमारास रानात जन्मलेली शिंगरं जगू लागली. 2004 पर्यंत बाहेरून नव्वदच्या आसपास घोडे आणून झाले होते. त्यानंतर आकडा स्वतःच्या बळावर वाढत गेला. 2008 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ताखीचा शेरा ‘रानातून नामशेष’ वरून ‘अतिसंकटग्रस्त’ असा बदलला. 2009 मध्ये कोणालाही हा प्रकल्प यशस्वीच वाटला असता, मलाही.

समस्या

मंगोलियन पशुपालकांकडे आपत्तीसाठी एक शब्द आहे, झुद. ज्या हिवाळ्यात जनावरांना चारा मिळत नाही आणि ती मोठ्या संख्येने मरतात, तो झुद. त्याचेही प्रकार आहेत. खोल बर्फाने गवत गाडलं गेलं तर पांढरा झुद. बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि वर कवच धरलं तर लोखंडी झुद. बर्फच पडला नाही आणि प्यायला काही उरलं नाही तर काळा झुद. संकटाला इतकी नावं असलेल्या देशात ते कधीतरी येणार हे गृहीतच धरायला हवं.

2009 चा उन्हाळा कोरडा गेला, त्यामुळे जनावरं हिवाळ्यात शिरतानाच अंगाने कमी होती. त्यावर खोल बर्फ आणि उणे 40 अंशांच्या खालची थंडी. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं. मंगोलियाभर सुमारे एक कोटी पाळीव जनावरं मेली. ग्रेट गोबी बी आणि आसपासच्या पशुपालकांनी सरासरी 67 टक्के जनावरं गमावली. वर्षाची कमाई, दूध, प्रवासाचं साधन, कर्जाचं तारण, सगळं एकाच हिवाळ्यात.

ताखी थंडीला भिणारं जनावर नाही. हिवाळ्यात त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हालचाल कमी होते, कातडीजवळचं तापमान खाली येतं. आहे ती चरबी पुरवून पुरवून वापरायची. खाण्यासाठी तो पुढच्या खुराने बर्फ उकरतो. चार-पाच फटके, एक खळगा, त्यात तोंडभर सुकं गवत, मग पुढचं पाऊल. बर्फ हलका आणि घोट्यापर्यंत असेल तर या हिशेबात चार दाणे पदरात पडतात. तो गुडघ्याच्या वर गेला किंवा वर टणक कवच धरलं, की एका खळग्यासाठी जी ताकद जाते ती त्या तोंडभर गवतातून परत मिळत नाही. मग घोडा दर दिवशी थोडा थोडा तोट्यात जातो.

यातला मोक्याचा भाग असा, की बर्फ सगळीकडे सारखा नव्हता. पूर्वेकडे तो जास्त, पश्चिमेकडे कमी. ताखींच्या हिवाळी जागा तीन होत्या: दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. पूर्वेच्या कळपांचा जवळजवळ निकाल लागला, पश्चिमेचा लहान गट बराचसा वाचला. तिन्ही मिळून सरासरी नुकसान 60 टक्क्यांच्या घरात गेलं, पण ही सरासरी फसवी आहे. तसा सरासरी हिवाळा कोणत्याच कळपाच्या वाट्याला आला नव्हता.

मग पूर्वेचे घोडे पश्चिमेला का गेले नाहीत? वाटेत कुंपण नव्हतं. काही घोड्यांच्या आणि खुलानांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे होते, त्यांच्या नोंदी स्पष्ट बोलतात. ताखी आपल्या ओळखीच्या टापूतून बाहेर पडायला बघतच नव्हते. खुलान पश्चिमेला सरकले आणि वाचले.

हा फरक कुठून आला

संकटाआधीच्या मोजणीत याची चाहूल होती. एका ताखी कळपाचा वावर 152 ते 826 चौरस किलोमीटरांत भरला होता, खुलानाचा 4,449 ते 6,835. ताखी सर्वांत सकस गवताच्या जागा निवडून तिथेच राहतो. खुलान अमुकच गवत हवं म्हणून अडून बसत नाही, मिळेल ते खात लांब लांब जातो. चांगल्या वर्षांत ताखीचा हिशेब सरस ठरतो. वाईट वर्षात खुलानाचा.

कुंपणात पिढ्या गेल्यामुळे ताखी वाट विसरला, असं म्हणण्याचा मोह मलाही होतो. रक्त जपलं पण नकाशा हरवला, अशी कथा छान जमते. तिच्यात तथ्यही असेल: वंशावळीच्या वहीत आईबापांच्या रकान्यासोबत ‘वाईट हिवाळ्यात कुठे जायचं’ असा रकाना नव्हता, आणि ते शिकवणारी म्हातारी घोडीही कुठल्या कळपात नव्हती. पण या कथेवर सगळा भार टाकू नये. टापू धरून राहणं हा ताखीचा स्वभावच असू शकतो. पूर्वी कळप शेकडो किलोमीटरांत विखुरलेले असताना तो स्वभाव परवडत होता, कारण एका दरीतला कळप संपला तरी पलीकडच्या दरीतला उरायचा. 140 घोडे आणि तीन जागा एवढ्या भांडवलावर तो परवडला नाही. व्यवस्थापनाच्या दृष्टीने दोन्ही कारणांचा निष्कर्ष एकच निघतो, की घोडा स्वतःहून हलणार नाही हे धरून चालायचं.

समोर असलेले पर्याय

बर्फ साचू लागल्यावर अशा कळपासाठी करता येण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात.

सुकं गवत नेऊन टाकणं हे सगळ्यांना आधी सुचतं. पण गवत आधी साठवलेलं असावं लागतं, आणि ते पोहोचवायच्या वाटा त्याच बर्फाने बुजलेल्या असतात. त्यात आजूबाजूच्या पशुपालकांची जनावरं मरत असताना रानटी घोड्यांसाठी गवताची गाडी त्यांच्या दारावरून न्यायची, हा प्रश्न नुसता वाहतुकीचा उरत नाही.

कळप हाकत पश्चिमेला नेणं कागदावर सोपं. अशक्त घोडा खोल बर्फातून पळवला तर वाटेतच कोसळतो. शिवाय जी जागा त्यांना ठाऊक नाही तिथे ते थांबतील याची खात्री काय?

धरून कुंपणाच्या आवारात आणणं मोजक्या घोड्यांपुरतं शक्य असतं. दूर पांगलेल्या कळपांसाठी नाही.

आणि काहीच न करणं. ‘रानटी म्हटलं की निसर्गाचा न्याय मान्य’ ही भूमिका हजारो घोडे असतील तर मी मान्य करीन. डझनभर पूर्वजांवर उभ्या असलेल्या जातीत प्रत्येक कळपाबरोबर काही वंशशाखा जातात, तिथे ती भूमिका फार महाग पडते.

माझं वाचन असं: डिसेंबरनंतर यांतला कोणताही पर्याय निवडला असता तरी आकड्यात थोडाच फरक पडता. निकाल ठरवणारे निर्णय आधीच होऊन गेले होते, म्हणजे किती ठिकाणी सोडायचे आणि एकमेकांपासून किती लांब. पश्चिमेला वेगळा गट वसवण्याचा निर्णय त्यांतलाच. घोडे आपणहून पसरत नाहीत हे दिसल्यावर घेतलेला, तेव्हा किरकोळ वाटलेला. मोठी रक्कम आणि मोठं लक्ष पूर्वेकडे होतं. 2010 च्या वसंतात हिशेब जुळवताना पश्चिमेचा तो लहानसा गट कामी आला.

काय केलं

पहिलं काम मोजणीचं. कोण उरलं, कोणत्या कळपातलं, कोणत्या रक्ताचं. वनरक्षकांच्या नोंदी, पशुपालकांच्या नुकसानीचे आकडे आणि गळपट्ट्यांची माहिती एकत्र लावली गेली, म्हणूनच आज पूर्व-पश्चिमेचा फरक ठामपणे सांगता येतो. अपयशाचा इतका सविस्तर हिशेब 2011 मध्येच जाहीरपणे मांडला गेला, हे मला या प्रकरणातलं सर्वांत धीराचं पाऊल वाटतं. देणगीदारांवर चालणाऱ्या कामात अशा वेळी ‘नैसर्गिक आपत्ती’ एवढं म्हणून पुढे जाण्याची सोय असते.

दुसरं काम नव्या रक्ताचं. प्रागच्या प्राणिसंग्रहालयाने 2011 पासून चेक हवाई दलाच्या विमानांनी घोडे न्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी खोमीन तालला, 2012 पासून गोबीला. एका खेपेत साधारण चार घोडे, बहुतेक घोड्याच. प्रत्येक घोडी वेगळ्या लाकडी पेटीत, जेमतेम अंगाएवढ्या, म्हणजे तिला वळता किंवा पडता येऊ नये. मध्ये थांबे घेत विमानप्रवास, मग ट्रकवर कच्च्या वाटेने काही तास. पेटीचं दार उघडल्यावर काही सुसाट बाहेर पडतात, काही बराच वेळ नाक बाहेर काढून नुसत्या उभ्या राहतात. पुढचे अनेक महिने कुंपणात: गवताची, गोचिडांची, थंडीची सवय. 2019 पर्यंत अशा नऊ मोहिमांत 34 घोडे गेले.

एकदम मोठ्या संख्येने घोडे आणून खड्डा भरायचा, हा मार्ग घेतला नाही. ते योग्यच झालं. नवखे घोडे एकदम पुष्कळ सोडले असते तर 1990 च्या दशकातलं आजाराचं चक्र पुन्हा सुरू होण्याचा धोका होता.

निष्पत्ती

आकडा सावरला. वाचलेल्यांनी पैदास केली आणि 2010 च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट गोबी बीमध्ये दोनशेहून अधिक ताखी झाले, म्हणजे झुदाआधीपेक्षा जास्त. 2011 मध्ये लाल यादीतला शेरा आणखी एक पायरी सुधारून ‘संकटग्रस्त’ झाला. गोबीतल्या घोड्यांची धूळधाण झाल्यानंतर वर्षभरात शेरा सुधारला, हे वाचताना विचित्र वाटतं. पण यादी सगळ्या ठिकाणांचा मिळून विचार करते, आणि तोवर ठिकाणं एकाहून अधिक होती. 2019 मध्ये संरक्षित क्षेत्र वाढवून सुमारे 18,000 चौरस किलोमीटर केलं गेलं. त्याचा मोठा फायदा खुलानांना होईल. ताखींना तो व्हायचा तर कोणीतरी त्यांना तिथवर नेऊन सोडावं लागेल.

पशुपालकांचं सावरणं या आकड्यांत दिसत नाही. ज्यांची दोनतृतीयांश जनावरं गेली, त्या कुटुंबांना कोणी विमानाने नवा कळप आणून दिला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

1992 मध्ये नाही, पण 2004 च्या सुमारास. बाहेरून घोडे आणणं थांबलं आणि आकडा आपोआप वाढू लागला, तेव्हा ‘अजून किती हवेत’ याऐवजी ‘अजून कुठे हवेत’ असं विचारता आलं असतं. वाढीव घोड्यांतले दरवर्षी एक-दोन कळप पश्चिमेला हलवले असते, तर 2010 चा आकडा वेगळा दिसला असता. सगळं बी एकाच वाफ्यात टाकलं की उगवण मोजायला सोपी जाते, नजर ठेवायला सोपी जाते. गारपीट झाली की तेवढाच वाफा असतो.

विरुद्ध बाजूही खरी आहे. घोडे विखुरले की प्रत्येक ठिकाणी माणूस हवा, गाडी हवी. पशुपालकांच्या घोड्यांशी गाठ वाढते. ताखी आणि पाळीव घोडा यांचा संकर होतो आणि 65 गुणसूत्रांचं ते पिल्लू वांझ नसतं. दोन-तीन पिढ्यांत वंशावळीच्या वहीचं सगळं काम पातळ होऊ शकतं. पूर्वेला एकत्र ठेवण्यामागे ही भीतीही समजण्यासारखी आहे. तरी मी विखुरण्याच्या बाजूने कौल देईन. संकर दिसतो, मोजता येतो, त्या शिंगराला बाजूला काढता येतं. झुद तशी सवड देत नाही.

गवताचा साठा शरदातच कळपांच्या हिवाळी जागांजवळ करून ठेवणं, आणि त्यात पशुपालकांचा वाटा आधीच ठरवून ठेवणं, हे तुलनेने स्वस्तातलं काम.

2024 च्या जूनमध्ये प्राग आणि बर्लिनहून सात ताखी कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात नेऊन ठेवले गेले, मंगोलियाच्या बाहेर आणखी एक जागा. गोबीत मात्र विमानाने येणाऱ्या घोड्या ताखीन तालच्याच आवारात उतरवल्या गेल्या, कारण कुंपण, पाणी आणि माणसं 1992 पासून तिथेच आहेत. ते ठिकाण पूर्वेला आहे.